पेठेतली बेकरी का बंद पडते, आणि तुमच्या वडिलांची चालू ठेवावी का?

प्रश्न असा आहे: सोलापुरात पेठेत वडिलांची पाव-खारीची बेकरी आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आजूबाजूच्या चार बेकऱ्या गेल्या दहा वर्षांत बंद झाल्या. वडील म्हणतात, कंपन्यांच्या ब्रेडपुढे आपला निभाव लागत नाही, दिवाळीच्या आत भट्टी विझवू. खरंच कंपन्यांमुळे हे होतंय का, आणि नोकरी सोडून बेकरी हातात घेण्यात अर्थ आहे का, असं मुलाने विचारलंय.

मी तीस वर्षं भट्टीसमोर काढली. १९८९ला वडिलांच्या हाताखाली लागलो आणि २०१९ला अशोक चौकाजवळची आमची बेकरी माझ्याच हाताने बंद केली. तेव्हापासून बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करणं आणि त्यांच्या मालाचं प्रमाण बसवून देणं हे काम करतो. त्यामुळे सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर, बार्शीकडच्या बऱ्याच बेकऱ्यांच्या वह्या आतून पाहिल्या आहेत. कंपनीच्या ब्रेडमुळे बंद पडलेली बेकरी मला त्यांत क्वचित दिसली. बहुतेक बेकऱ्या स्वतःचा गल्ला सोडून दुसऱ्याच्या दुकानातल्या फळीवर गेल्या आणि तिथे संपल्या. आमचीही तशीच संपली.

आधी कंपन्यांचं सांगतो, कारण तुमच्या वडिलांच्या मनात तेच आहे. ब्रेड बनवणं एप्रिल २०१५पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होतं. लोणची, शेंगदाणा तेल, मेणबत्त्या, आगपेट्या, अगरबत्ती अशा राखीव यादीतल्या शेवटच्या २० वस्तूंत ब्रेड होता, ती यादी त्या महिन्यात रद्द झाली. पण पाकीटबंद ब्रेड काही त्या दिवशी आला नाही. मॉडर्न ब्रेड ही सरकारची स्वतःची कंपनी १९६५ पासूनची, २०००च्या जानेवारीत ती हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली. माझ्या लहानपणी पाकिटातला ब्रेड आजारी माणसाला दुधात बुडवून द्यायला आणत. पाव रोजचा. दोघांचं गिऱ्हाईक वेगळं होतं, आजही बरंचसं वेगळं आहे. वडापावच्या गाडीवर पाकिटातल्या ब्रेडचे तुकडे कुणी ठेवत नाही आणि पावभाजीबरोबर तो कुणी मागत नाही. पावाचा खप या शहरात कमी झालेला नाही. तो कुणाकडून घेतला जातो, ते बदललंय.

का बदललं, ते कळायला आपलं शहर कसं चालायचं ते आठवावं लागेल. सोलापूर हे कामगारांचं गाव. १८७७ला सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथलं घड्याळ भोंग्यावर चाललं. पहिली पाळी भरायच्या आधी माणसं बेकरीसमोर उभी असत. चहाच्या टपरीवर बशीत चहा आणि सोबत गरम पाव किंवा जिरा बटर, की निघाले. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, तरी यंत्रमागाची पाळी होती आणि विड्या वळणाऱ्या बायका होत्या. दिवसभराच्या विड्या कारखान्यात देऊन, पान-तंबाखू घेऊन त्या परत निघाल्या की वाटेत पोरांसाठी पाव किंवा बन घ्यायच्या. पाच ते सात हा आमचा सगळ्यात मोठा गल्ला. त्यांच्याशी बोलायला मला तेलुगू आलीच पाहिजे असं वडील म्हणायचे, आणि गल्ल्यावरच ती शिकलो.

मग कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई वसाहत झाली, दहा हजार घरांची. चांगलंच झालं. दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईला हक्काचं घर मिळालं, याचं वाईट मला कधी वाटलं नाही. पण त्या बायकांचा संध्याकाळचा रस्ता बदलला. आमच्या दारावरून जाणारी माणसं कमी झाली. बेकरी रस्त्यावर जगते, हे मला तेव्हा समजलं.

गल्ला कमी झाला की बेकरीवाला काय करतो? मोटरसायकलला क्रेट बांधतो आणि किराणा दुकानांना माल टाकायला निघतो. धंद्यात याला लाइन म्हणतात. माणसं आपल्याकडे येत नाहीत तर आपण माणसांकडे जाऊ, हा विचार चुकीचा वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, नव्या वस्त्या सगळ्या तिकडेच वाढत होत्या. दोन वर्षांत आमचा माल दुप्पट झाला. रोज एक पोतं मैदा लागायचा, तो दोन पोती लागायला लागला. लोक म्हणाले, बेकरी जोरात आहे.

आता माझ्या वहीतला शेवटच्या काळातला हिशेब मांडतो. हा नीट वाचा आणि वडिलांच्या वहीशी ताडून पाहा. मैदा, तेल, यीस्ट, लाकूड, मजुरी धरून एक पाव मला १ रुपया ९० पैशांना पडायचा. गल्ल्यावर ३ रुपयांना विकायचा, दुकानदाराला २ रुपये ३० पैशांना. गल्ल्यावर १०० पाव विकले की ११० रुपये सुटायचे. लाइनवर १०० पाव टाकले की १० परत यायचे. उरलेल्या ९०चे २०७ रुपये आणि माझा खर्च १९० रुपये. हातात राहिले १७. त्यातूनच पेट्रोल, त्यातूनच माल टाकणाऱ्या पोराचा पगार. माल दुप्पट झाला होता आणि वाढलेला सगळा माल मी फुकट भाजत होतो. हे कळायला मला सहा वर्षं लागली, कारण आमच्याकडे गल्ला आणि लाइन यांची वही एकच होती. गल्ल्याचा नफा लाइनचा तोटा झाकत राहिला.

परतीचा माल हा या धंद्यातला खरा कर्करोग आहे. एका मोठ्या दुकानात आम्ही पाव ठेवायचो. पैसे ४५ दिवसांनी, आणि न खपलेला माल परत घ्यायचाच, अशी अट. पावसाळ्यात एकदा दोन क्रेट परत आले. वरून पाव ठीक दिसत होते. मी एक लादी उलटी केली, तर बुडाला हिरवट ठिपके. त्यांनी क्रेट गोदामात ओल्या भिंतीला लावून ठेवले होते. भांडण करता येत नव्हतं, कारण मागच्या दीड महिन्याचे पैसे त्यांच्याकडे अडकलेले. दोन्ही क्रेट मी कचऱ्यात ओतले. आमच्याकडे गल्ल्यावर उरलेला पाव दुसऱ्या दिवशी कापून, सुकवून त्याचे टोस्ट व्हायचे. पण वडिलांचा नियम होता की दाराबाहेर गेलेला पाव परत भट्टीत जाणार नाही. हा नियम मोडणाऱ्या बेकऱ्या मी पाहिल्या आहेत. परतीचा माल अंगावर आला की माणूस तिथपर्यंत जातो, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला ती चव कळतेच.

तुम्ही म्हणाल, मग सोलापूरची कडक भाकरी कशी गावोगाव जाते? ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, वाळवून कडक करायची, हे काम घराघरांतल्या बायकांनी व्यवसाय म्हणून उभं केलं, आणि आज ती शेंगा चटणीसोबत पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते. लहान धंदा वाढू शकतो याचं ते आपल्या शहरातलं चांगलं उदाहरण आहे, फक्त त्यातून बरोबर गोष्ट शिकायला हवी. कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. तिला फळीवर थांबता येतं. पाव सकाळी सहाचा असेल तर दुपारी तो वेगळा पदार्थ झालेला असतो. बेकरीतला जो माल टिकतो, म्हणजे टोस्ट, खारी, नानकटाई, तो खुशाल बाहेर पाठवा. पाव दारातच विका. एवढं एक मला १९९५ला कुणी सांगितलं असतं तर आमची भट्टी आज पेटलेली असती असं मला मनापासून वाटतं.

ताज्या पावाच्या मागे काय लागतं तेही सांगायला हवं, कारण तुम्ही नोकरी सोडून यायचं म्हणताय. ५० किलोच्या एका पोत्याला साधारण ३० लिटर पाणी, किलोभर मीठ, साखर, तेल, यीस्ट. ४८-५० ग्रॅमचे गोळे तोडले तर पोत्यामागे साडेसोळाशे-सतराशे पाव निघतात. इथपर्यंत कागदावर सोपं आहे. पण सोलापूरचा मे महिना कागदावर नसतो. रात्री बाराला मळलेलं पीठ इथे उन्हाळ्यात तीनला उतू जातं आणि आंबूस होतं. मे महिन्यात आम्ही यीस्ट निम्म्यावर आणायचो, पाण्यात बर्फ फोडून टाकायचो आणि मळायला दीड-दोन तास उशिरा घ्यायचो. डिसेंबरात तेच पीठ गोणपाटाखाली झाकून, भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवावं लागायचं. वडील परातीत बोट दाबून बघायचे. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू भरला तर गोळे तोडायला घ्या. शिवाय नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात रोज लागणारं पाणी साठवायचं, हे वेगळंच.

भट्टीचंही तसंच आहे. निखारे बाजूला ओढून घेतले की ओल्या गोणपाटाने भट्टीचा तळ पुसायचा, मग चिमूटभर मैदा आत फेकायचा. तो क्षणात काळा पडला तर थांबायचं, हळूहळू बदामी झाला तर ट्रे सारायचे. कुठलाही थर्मामीटर न लावता आमचा कारागीर सतराशे पाव एकाच रंगाचे काढायचा.

तो कारागीर ही दुसरी मोठी गोष्ट. रात्री अकरा ते सकाळी सात, भट्टीच्या तोंडाशी, वर्षाचे बाराही महिने. स्थानिक पोरं हे काम आता करत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. बऱ्याच बेकऱ्या उत्तर प्रदेशातून येणाऱ्या कारागिरांवर चालल्या. २०२०च्या टाळेबंदीत ते गावी गेले आणि त्यांतले बरेच परत आले नाहीत. त्या वर्षी मला सगळ्यात जास्त फोन आले ते भट्टीला तडे गेल्याचे. विटांची भट्टी महिनाभर थंड राहिली की ओल धरते. ती परत पेटवताना तीन-चार दिवस बारीक आगीवर तापवत न्यावी लागते. लोकांनी घाईत पहिल्याच रात्री मोठी आग लावली आणि कमान तडकली. दुरुस्तीचा खर्च ऐकून काहींनी तिथेच धंदा सोडला.

तुमच्या प्रश्नात जे आलं नाही आणि बहुधा घरात असेल, ते म्हणजे जागा. पेठेतली जागा आजोबांच्या नावावर असते. दोन काका, एक आत्या, सगळ्यांचा हिस्सा. बेकरी एकटा चालवतो, भाडं कुणालाच देत नाही, आणि म्हणून ती चालतेय असं दिसतं. मग एके दिवशी बिल्डर येतो, आणि बेकरी दहा वर्षांत जेवढं कमावेल तेवढं एका सहीत मिळतंय असं कळतं. भाऊ चूक नसतात, त्यांच्याही पोरींची लग्नं असतात. आमच्याकडे वाटणी झाली तेव्हा कुणी कुणाशी भांडलं नाही. थोरल्या भावाने फक्त विचारलं, भट्टीखालच्या जागेचं भाडं वहीत कुठे आहे? ते वहीत कुठेच नव्हतं. स्वतःचा पगारही नव्हता. आईने तीस वर्षं खारीची पाकिटं भरली, तिची मजुरीही नव्हती. ज्याला आम्ही नफा म्हणत होतो तो घरच्या माणसांचा न दिलेला पगार होता.

धुराचं थोडक्यात सांगतो. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश मुंबईचा आहे, पण वारं कुठल्या दिशेने आहे ते कळतं. शेजारी चार मजली इमारत झाली की धुराडं तिच्या खिडकीत जातं, आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चवीचं कौतुक सांगून उपयोग नाही. नवीन पैसा घालणार असाल तर तो गॅस, डिझेल किंवा विजेच्या ओव्हनमध्ये घाला. लाकडाच्या पावाची चव थोडी वेगळी असते, मला ती आवडते, पण पाव मुख्यतः पिठाच्या आंबण्याने चांगला होतो. हे मी दोन्ही प्रकारच्या भट्ट्यांवर काम करून सांगतोय. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्ज काढून घेतलेल्या अशा यंत्रांच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान मिळत आलंय, कमाल १० लाख. ती योजना अजून चालू आहे का, याची जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात चौकशी करा. अनुदान मिळतं म्हणून गरजेपेक्षा मोठा ओव्हन मात्र घेऊ नका. मोठा ओव्हन भरायला मोठा माल लागतो, आणि मोठा माल खपवायला तुम्ही परत लाइनवर जाता.

पावडरींचंही एक. २०१६मध्ये, ब्रेड चांगला फुगावा म्हणून पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेटचा गवगवा झाला आणि त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी आणली. त्याआधी आम्ही बाजारात ‘इम्प्रूव्हर’ म्हणून मिळणारी पुडी आत काय आहे न विचारता वापरायचो. ती आमची चूक होती. आज पिठात काय घालता हे गिऱ्हाइकाला पाटीवर लिहून दाखवता आलं पाहिजे. लहान बेकरीला ते सहज जमतं, कारण गिऱ्हाईक आणि भट्टी यांच्यात फक्त एक गल्ला असतो.

आता बेकरी घ्यावी का. नोकरी लगेच सोडू नका. वडिलांकडून ३० दिवस दोन वेगळ्या वह्या लिहून घ्या, एक गल्ल्याची, एक लाइनची. परत आलेला प्रत्येक पाव लाइनच्या वहीत खर्च म्हणून लिहा. जागेचं बाजारभावाने भाडं, वडिलांचा पगार, आईचा पगार हे सगळं धरा. नुसत्या गल्ल्यावर हे सगळं भागत असेल, किंवा थोडक्यात कमी पडत असेल, तर बेकरी जिवंत आहे. गल्ला निम्मंही भागवत नसेल तर रस्ताच गेलाय, तिथे तुमची पदवी आणि मेहनत काही करू शकणार नाही. मग एकतर माणसं जिथे आहेत तिथे गल्ला न्या, किंवा बंद करा. जागा बदलणं म्हणजे हरणं नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने पेठेतली भट्टी सोडून नव्या वस्तीत शाळेच्या रस्त्यावर दहा बाय पंधराच्या गाळ्यात छोटा ओव्हन लावला आणि तो चांगला चाललाय.

चालवायची ठरली तर भट्टी दिवसातून दोनदा उघडा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, आणि ती वेळ कधी चुकवू नका. दारावर वेळ लिहा. पाच म्हणजे पाच. गरम पाव कधी मिळेल हे ज्याला माहीत आहे, तो माणूस वाट वाकडी करून येतो. माल चार-पाच प्रकारांचाच ठेवा. पाव आणि ब्रेडवर जीएसटी नाही. केक-बिस्किटांवर १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, म्हणजे नानकटाई आणि केकला आता पूर्वीपेक्षा वाव आहे. लाइन एका दिवसात तोडू नका. परत न घेण्याच्या अटीवर जे दुकानदार माल ठेवायला तयार आहेत तेवढे ठेवा, बाकीच्यांना महिनाभर आधी सांगून थांबवा. आमच्या लाइनवर असे तीन दुकानदार निघाले असते. मी विचारलंच नव्हतं.

आणि दिवाळी सोडू नका. तुमच्या वडिलांच्या भट्टीवर अजूनही बायका डबे घेऊन येतात का? आमच्याकडे वसुबारसेच्या आठवडाभर आधीपासून रांग लागायची. घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, वेलची घेऊन यायच्या. आम्ही ट्रे द्यायचो, त्या ओट्यावर बसून नानकटाईचे गोळे वळायच्या, बोटाने वर खळगा करून त्यात चारोळी दाबायच्या. किलोमागे भाजणावळ ठरलेली. ट्रेवर चिठ्ठी लावायचो, त्यावर नाव नाही, खूण लिहायची: ‘निळा डबा’, ‘गिरणीवाल्या काकू’, ‘तिसरी गल्ली’. रमजानच्या ईदेआधी हीच रांग दुसऱ्या घरांतली असायची, ओटा तोच. त्या आठवड्यात भट्टी रात्रंदिवस चालायची, मैद्याची गुंतवणूक शून्य, परतीचा माल शून्य, आणि जी बाई नानकटाई भाजायला आली ती पुढे वर्षभर पाव आमच्याकडूनच न्यायची. कुठल्याही कारखान्याला हे करता येत नाही, कारण त्याच्या भट्टीपाशी ओटा नसतो. बंद केल्यावर पहिल्या दिवाळीला दोघीजणी डबा घेऊन आमच्या दाराशी आल्या होत्या. शटर बघून त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

म्हणून वडिलांना एवढं माझ्याकडून सांगा. वह्या लिहून झाल्यावर बंदच करायचं ठरलं, तरी दिवाळीच्या आत करू नका, दिवाळी झाल्यावर करा. आणि डबे परत देताना प्रत्येकीला सांगा की पुढच्या वर्षी भट्टी नसेल. दुसरी शोधायला त्यांना वर्ष मिळेल.